पुलगावकडे घ्या

हरिदास थूल यांनी गाडीला मागचं दाखवणारा कॅमेरा लावायचं ठरवलं, तेव्हा त्यांचा हेतू एवढाच होता, की आपल्या बायकोचा आवाज चार लोकांत ऐकू येऊ नये. (असा हेतू बऱ्याच नवऱ्यांचा असतो. पण त्यासाठी कुणी धडधाकट गाडीला भोक पाडत नाही.)

थूलबाबू वर्ध्याच्या एका सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले. निवृत्तीनंतर लोक चारधाम करतात, गुडघे बदलतात, नाहीतर सोसायटीचे अध्यक्ष होऊन शेजाऱ्यांना छळतात. थूलबाबूंनी यातलं काही केलं नाही. त्यांनी नागपुरातून एक जुना ट्रेलर विकत आणला. बोलेरोच्या मागे जोडायचा, आत दोन बर्थ, एक ओटा, गॅसची शेगडी, खिडकीला काच. पूर्वी तो एका बियाणं कंपनीच्या प्रचाराला गावोगाव फिरायचा. थूलबाबूंनी त्याला पांढरा रंग दिला, पण रंग एकाच हातात आटोपल्यामुळे मागच्या बाजूला कपाशीचं एक भलंमोठं बोंड आणि ‘भरघोस उत्पन्नाची हमी’ ही अक्षरं ऊन पडलं की अजूनही वर यायची. थूलबाबू त्याला ‘कॅराव्हॅन’ म्हणत. सुलोचनाबाई ‘घरगाडी’ म्हणत. ते राहत ते देवळी गाव मात्र त्याला ‘थूलबाबूचा डबा’ म्हणे.

सुलोचनाबाईंना मात्र ही घरगाडी मनापासून आवडली होती. लग्नाला तीस वर्षं होऊन गेली, पण प्रवासात त्यांना स्वतःचं अंथरूण कधी मिळालं नव्हतं. कुठंही जा, उतरायचं नातेवाइकांकडे, आणि नातेवाइकांकडे झोपायच्या जागा मानाप्रमाणे वाटल्या जात. बाईंच्या वाट्याला स्वयंपाकघराच्या दाराशी, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायात, उशाला बॅग घेऊन झोपणं यायचं. त्यांना एकदा सांचीला जायचं होतं. वाटेत कुणाकडेही न उतरता, आपल्या बर्थवर आपल्या उशीवर झोपून. त्यासाठी त्यांनी खिडक्यांना मोरपंखी पडदे शिवले होते, आणि ओट्याखालच्या कप्प्यात तिखट-मिठासकट सगळा संसार लावून ठेवला होता.

अडचण एकच होती. थूलबाबूंना गाडी मागे घेता येत नव्हती.

पुढे ते उत्तम चालवत. पण मागे म्हटलं की घाम फुटायचा, कारण त्यांना डावं-उजवं पटकन कळायचं नाही. कुणी ‘उजवीकडे’ म्हटलं की ते आधी मनातल्या मनात एक घास खात, घास कुठल्या हातानं घेतला ते बघत आणि मग वळत. तोवर जे आदळायचं ते आदळलेलं असायचं. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी त्यांनी स्कूटर हातपंपावर नेली होती. पुढे मारुती व्हॅनने शेजाऱ्यांचं तुळशीवृंदावन प्रदक्षिणा न घालताच गाठलं. तेव्हा सुलोचनाबाईंनी डावं-उजवं कायमचं सोडून दिलं. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीला शिकवायच्या. न कळणाऱ्याला कळेल असं सांगायचं, हा त्यांचा पेशाच होता. थूलांचं घर ऐन वर्धा-पुलगाव रस्त्यावर. फाटकात उभं राहिलं की एका अंगाला वर्धा, दुसऱ्या अंगाला पुलगाव. बस इकडे जाते ती पुलगावची आणि तिकडे जाते ती वर्ध्याची, हे थूलबाबूंना झोपेतसुद्धा कळायचं. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी त्याच बसमध्ये काढली होती.

तेव्हापासून गाडी मागे घ्यायची झाली, की सुलोचनाबाई पदर खोचून मागे उभ्या राहत आणि खणखणीत आवाजात सांगत,

“पुलगावकडे घ्या! अजून पुलगावकडे! हां, आता वर्ध्याकडे दाबा. जास्त नाई! येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या… बास!”

आणि ‘बास’बरोबर गाडीच्या पाठीवर एक थाप. स्कूटर गेली, व्हॅन गेली, बोलेरो आली, तिच्यामागे डबा आला, पण पद्धत तीच राहिली. डबा आल्यावर तर एक नवीनच भानगड झाली. स्टीअरिंग जिकडे फिरवावं त्याच्या उलट डबा जातो. पण बाईंनी माहेरी ट्रॅक्टरची ट्रॉली लहानपणापासून पाहिली होती. त्या तो हिशेब आपल्यापाशी मिटवून टाकत आणि स्टीअरिंग कुठं फिरवायचं तेवढंच सांगत. थूलबाबूंना या सगळ्याचा पत्ताही नव्हता. आपल्याला जमतंय, असंच त्यांना वाटत होतं.

एका रविवारी कचेरीतले जुने साहेब घरगाडी बघायला आले आणि हे सगळं बिनसलं. थूलबाबूंनी साहेबांसमोर डबा फाटकातून आत घेतला. मागून बाईंचा आवाज चालूच. साहेब ऐकत होते. डबा आत लागला, तशी साहेबांनी टाळी वाजवली आणि म्हणाले, “वा! थूल, मॅडम बस स्टँडवर कंट्रोलर होत्या का हो? आर्वीची गाडी किती वाजता आहे, विचारून सांगा जरा!”

साहेबांबरोबर आलेले तिघं हसले. समोरच्या पानठेल्यावरचे सहा हसले. साहेबांच्या विनोदाला हसायलाच पाहिजे म्हणून थूलबाबूही हसले. साहेब गेल्यावर मात्र त्यांचं तोंड उतरलं.

“अवं काजलची आई,” ते म्हणाले, “चार लोकांत डावं-उजवं सांगत जाय ना. शिकलेली बाई हायेस तू. पुलगाव-पुलगाव काय लावलं?”

“तुमाले डावं-उजवं समजलं असतं तं पुलगाव काढाची वेळच कायले आली असती?” बाई शांतपणे म्हणाल्या.

“मले समजत नाई?”

“जेवाचा हात दाखवा बरं. पटकन.”

थूलबाबूंनी ताडकन हात दाखवला. तो डावा होता. पण आता माघार घेणं शक्य नव्हतं.

“कॅमेरा बसवतो,” ते म्हणाले. “मागचं सारं समोर स्क्रीनवर दिसते. कोणाले मांगं उभं राहाची गरज नाई अन् बोंबलाची तं नाईच नाई.”

‘बोंबलाची’ हा शब्द त्यांच्या तोंडातून गेला आणि गेल्यावर त्यांना कळलं, की तो परत येणार नाही.

“बेस झालं,” सुलोचनाबाई म्हणाल्या. “आता मी गाडीतून उतरत नाई. कॅमेरा हाये ना!”

त्यानंतर घरात कुठल्याही प्रश्नाला हेच उत्तर मिळू लागलं. चष्मा कुठंय? कॅमेरा हाये ना. दूध उतू चाललंय. कॅमेरा हाये ना.

थूलबाबू ईर्षेला पेटले. ज्या माणसानं तीन कोटेशनं मागवल्याशिवाय घरात कढईसुद्धा आणली नव्हती, तो मोबाइलवर कॅमेऱ्यांचे व्हिडिओ बघत बसू लागला. वायरवाला की बिनवायरचा? अंधारात दिसणारा की नुसताच? हिरव्या-पिवळ्या-लाल रेघांचा की बिनरेघांचा? पुण्याहून त्यांच्या मुलीनं, काजलनं, फोनवर सांगितलं, “बाबा, कुठलाही घ्या, पण आईला विचारून घ्या.” तेवढं सोडून थूलबाबूंनी तिचा सगळा सल्ला मानला. शेवटी वर्ध्याच्या, गाड्या सजवून देणाऱ्या स्वप्निलनं निकाल लावला. बिनवायरचं चित्र एवढ्या पत्र्यातून पुढे पोचणार नाही, म्हणाला. वायर टाकावी लागेल, आणि वायर टाकायची तर डब्याला मागून भोक पाडावं लागेल.

स्वप्निल ड्रिल घेऊन देवळीला आला. थूलबाबूंनी जागा दाखवली. बोंडाच्या बरोबर खाली, मधोमध. “बाहेरून पाडू का आतून?” स्वप्निलनं विचारलं. “बाहेरून,” थूलबाबू म्हणाले, “मी आतून पाह्यतो, बरोबर येते का नाई ते.” आणि ते आत जाऊन, पाठीमागच्या भिंतीशी ओट्याखाली डोकं घालून उकिडवे बसले. ड्रिल घरघरलं, पत्रा गेला, प्लाय गेला, आणि पलीकडे जे काही मऊ लागलं त्यातूनही ड्रिल सुखासमाधानानं पार गेलं.

ती सुलोचनाबाईंनी सांचीसाठी भरलेली तिखटाची पिशवी होती. भिवापुरी मिरचीचं, नवं, घरी कुटलेलं.

ड्रिलनं ते तिखट पंख्यासारखं डबाभर उडवलं. थूलबाबूंनी आरोळी ठोकली. काकांना विजेचा झटका बसला असं समजून स्वप्निल धावत आत आला आणि त्यानं तोंड उघडून मोठा श्वास घेतला. (घ्यायला नको होता.) पाच मिनिटांनी सुलोचनाबाई घरातून बाहेर आल्या, तर डब्याच्या पायरीवर दोन पुरुष एकमेकांच्या खांद्याला धरून हमसाहमशी रडत होते.

“काय झालं वं माय?” बाई घाबरून म्हणाल्या. “काऊन रडून राह्यले दोघंही? कोण गेलं?”

“तिखट!” थूलबाबू कसेबसे म्हणाले.

बाईंनी आत डोकावून पाहिलं. मोरपंखी पडदे विटकरी झाले होते. त्यांनी खालचा ओठ दाताखाली धरला. मग शांतपणे म्हणाल्या, “पाण्याची बालटी अंगणात हाये. दिसत नसीन तं कॅमेऱ्यात पाहा.”

कॅमेरा मात्र झकास बसला. समोर स्क्रीनवर फाटक, रस्ता, पानठेला सगळं लख्ख दिसू लागलं. थूलबाबूंनी त्या दिवशी गाडी सुरू न करताच चार वेळा स्क्रीन पाहिला. स्वप्निलनं जाता जाता बजावलं, “काका, आधी मोकळ्या मैदानात चार दिवस प्रॅक्टिस करजा. डबा उलटा वळते.” “माहीत हाये,” थूलबाबू म्हणाले. त्यांना माहीत नव्हतं.

प्रॅक्टिसला वेळच मिळाला नाही. कारण सुलोचनाबाईंच्या धाकट्या भावाचा, रुपेश मूनचा, तळेगावहून फोन आला आणि थूलबाबू फोनवर कॅमेऱ्याबद्दल जरा जास्तच बोलून गेले. रुपेशची संत्र्याची बाग होती आणि स्वभाव खोडकर होता.

“भाऊजी, खरं सांगा, ताईबिगर गाडी मांगं येते?”

“एकट्यानं घेतो. तुझ्या अंगणात घेऊन दाखवू?”

“या. लिंबाचं झाड अन् पाण्याचं टाकं, याच्या मधात लावून दाखवा. ताईनं उतराचं नाई. जमलं तं सांचीवरून येईपर्यंत तुमचं घर मी सांभाळीन. नाई जमलं तं डबा इथंच राहीन. मले बागेत राखणदाराले खोली पाहिजेच हाये.”

“मंजूर!” थूलबाबू म्हणाले. फोन ठेवल्यावर त्यांनी वळून पाहिलं, तर सुलोचनाबाई तिखट झटकलेले, धुतलेले पडदे हातात घेऊन दारात उभ्या होत्या. आपली सांची आपल्या नवऱ्यानं आपल्याच भावाबरोबर पैजेला लावली, हे त्यांनी ऐकलं होतं. त्यांनी पडदे परत लावले आणि पिशवीत नवं तिखट भरलं.

आर्वीमार्गे तळेगावला पोचेपर्यंत ऊन चांगलं चढलं होतं आणि ऊन चढल्यामुळे डब्यावरचं बोंडही वर आलं होतं. गावात शिरल्या शिरल्या बियाणं कंपनीची गाडी आली, अशी बातमी पसरली. रुपेशच्या अंगणाशी थूलबाबू पोचले, तेव्हा तिथं वीस-पंचवीस शेतकरी जमले होते आणि दोघांनी तर पिशव्या आणल्या होत्या.

“फुकट सॅम्पल कधी वाटते जी?” एकानं काचेतून विचारलं.

थूलबाबूंनी काच वर केली. शेजारच्या सीटवर सुलोचनाबाई मांडीवर हात ठेवून, समोर बघत बसल्या होत्या.

“बस आता आरामात,” थूलबाबू म्हणाले आणि गाडी मागच्या गिअरमध्ये टाकली.

स्क्रीनवर लिंब एकीकडे आणि टाकं दुसरीकडे दिसत होतं. थूलबाबूंनी लिंब कुठल्या हाताला आहे ते पाहण्यासाठी मनात एक घास घेतला. मग त्यांना शंका आली, की चित्र आरशासारखं उलटं आहे की सरळ? त्यांनी दुसरा घास घेतला. मग त्यांनी स्टीअरिंग टाक्यापासून दूर फिरवलं, आणि डबा मोठ्या आपुलकीनं टाक्याकडे निघाला. कॅमेरा टीं टीं करू लागला. सगळ्या रेघा लाल झाल्या. थूलबाबूंनी ब्रेक दाबला, गाडी पुढे घेतली आणि पुन्हा मागे घेतली. या वेळी डबा लिंबावर चालून गेला आणि लिंबाखालचे चार शेतकरी उठून टाक्याकडे गेले. तिसऱ्या वेळी डबा आणि बोलेरो कोपरात हात दुमडावा तसे दुमडून एकमेकांकडे बघत उभे राहिले, आणि शेतकरी टाक्याकडून उठून रस्त्यावर गेले.

“भाऊजी, घाई नाई,” रुपेश दात काढत म्हणाला. मग तो डब्याभोवती एक चक्कर मारून आला आणि शेजाऱ्याला सांगू लागला, “खोली चांगली हाये. हे पडदे काढून फेकू. इथं खिळा मारला का फवारणीचा पंप टांगता येते. वरच्या बर्थवर युरियाची पोती ठेवू.”

सुलोचनाबाईंच्या खिडकीची काच खाली होती. त्यांना पडद्यांचं ऐकू आलं, पंपाचं ऐकू आलं. बर्थवर युरिया म्हटल्यावर मात्र त्यांनी काच वर केली, कॅमेऱ्याचा स्क्रीन खस्सकन आपल्याकडे वळवला आणि दबक्या आवाजात म्हणाल्या,

“ऐका. हे तळेगाव नाई. देवळी हाये.”

“आं?”

“देवळी समजा. आपलं फाटक समजा. लिंबाकडे पुलगाव, टाक्याकडे वर्धा. समजलं?”

थूलबाबूंनी लिंबाकडे पाहिलं, टाक्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा घाम जागच्या जागी थांबला. सगळं जग पुन्हा आपापल्या ठिकाणी येऊन बसलं.

“समजलं,” ते म्हणाले.

“पहिले पुढं घेऊन सरळ करा. हां. आता वर्ध्याकडे घ्या. अजून. सोडा. आता पुलगावकडे. जरासंच. येऊ द्या… येऊ द्या… येऊ द्या…”

डबा लिंब आणि टाक्याच्या मधून लोण्यातून सुरी जावी तसा आत गेला. बाईंनी ‘बास’ म्हणून डॅशबोर्डवर थाप मारली. शेतकऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. काहींना अजूनही वाटत होतं, की आता वाटप सुरू होणार.

रुपेशचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. “मानलं भाऊजी!” तो म्हणाला. “कॅमेरा भारीच हाये.”

थूलबाबू गाडीतून उतरले. खरं काय ते सांगावं, असं त्यांना एक क्षण मनापासून वाटलं. पण समोर पंचवीस माणसं उभी होती.

“टेक्नॉलॉजी हाये बावा,” ते म्हणाले. “पण चालवणाराही लागते.”

सुलोचनाबाईंनी त्यांच्याकडे फक्त एकदा पाहिलं आणि भावजयीला चहात साखर कमी टाकायला सांगण्यासाठी आत निघून गेल्या. (साखर थूलबाबूंच्या चहात कमी पडली. बिलकूलच पडली नाही.)

तर अशी घरगाडी सांचीला निघाली. रात्री सुलोचनाबाई आपल्या बर्थवर, आपल्या उशीवर, कुणाच्याही पायात न येता झोपल्या आणि सकाळी उठल्या त्या दहा वर्षांनी लहान होऊन. रस्ता सरळ होता, मागे घ्यायचा प्रश्न आला नाही. तळेगावात मारलेली थाप तीनशे किलोमीटरांत थूलबाबूंना हळूहळू खरी वाटू लागली. आपणच मागे घेतली. बाई नुसत्या बाजूला बसल्या होत्या.

भोपाळच्या पुढे एका ढाब्यावर ते थांबले. बाई हात-पाय धुवायला मागे नळावर गेल्या. तेवढ्यात ढाब्याचा माणूस आला आणि गाडी जरा मागे, दोन ट्रकांच्या मध्ये लावा म्हणाला. थूलबाबूंनी ऐटीत मान हलवली आणि बाईंची वाट न बघता मागचा गिअर टाकला.

“लेफ्ट काटो साहब!” तो माणूस ओरडला. “लेफ्ट! अरे लेफ्ट! राइट नहीं, लेफ्ट!”

थूलबाबूंनी मनात घाईघाईनं घास घेतला. डबा एका ट्रकाच्या दिव्यापासून वीतभर अंतरावर थांबला. त्यांनी लिंब शोधला. नव्हता. टाकं शोधलं. नव्हतं. बाजांवर आडवे झालेले ड्रायव्हर उठून बसले. शेवटी थूलबाबूंनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि रडकुंडीला येऊन म्हणाले,

“अरे भैया, वो लेफ्ट-राइट रहने दो. पुलगाव किधर है, वो बताओ!”

तो माणूस खिडकीजवळ आला. त्यानं थूलबाबूंच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं, घामाकडे पाहिलं आणि अतिशय मायेनं त्यांच्या हातावर हात ठेवला.

“बाबूजी,” तो म्हणाला, “पुलगाव तो बहुत पीछे छूट गया. आप ग़लत आ गए.” आणि मागे वळून ओरडला, “अरे, कोई नागपुर जा रहा है क्या? इन बाबूजी को रास्ता बता दो!”

तेवढ्यात ओल्या हातांनी सुलोचनाबाई आल्या. त्यांनी एका नजरेत सगळं ओळखलं, ड्रायव्हरांना आपल्या हिंदीत चार वाक्यांत काहीतरी समजावलं आणि पदर खोचला. ड्रायव्हर भराभर उठले. मग त्या भोपाळच्या हमरस्त्यावर, साहेब नाही आणि पानठेला नाही अशा ठिकाणी, बाईंच्या खणखणीत आवाजामागोमाग आठ-दहा पहाडी गळे एका सुरात सुरू झाले,

“वर्धा, बाबूजी, वर्धा! और थोड़ा वर्धा! अब पुलगाव! पुलगाव! पुलगाव!”

थूलबाबूंनी मुकाट्यानं काच वर केली आणि स्क्रीनकडे पाहिलं. मध्ये सुलोचनाबाई, दोन्ही बाजूंना ड्रायव्हर, आणि सगळ्यांचे हात पुलगावकडे. कॅमेऱ्याचं चित्र मात्र अगदी स्वच्छ होतं.